हवेतला ओझोन आणि काळ्या ओढ्याचे पाणी

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज या शहरात आणि हातकणंगले तालुक्यातल्या आसपासच्या गावांत लाखाहून अधिक माग चालतात. मागांपाठोपाठ सुताला कांजी चढवणारी सायझिंग आली, त्यामागून कापड धुऊन, रंगवून, छापून देणारी प्रोसेस हाऊस आली, आणि त्यांच्या हौदांतून निघालेले रंगीत, गरम, खारट पाणी काळ्या ओढ्याच्या वाटेने पंचगंगेला मिळू लागले. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने भरलेली ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळण्याआधी काय काय सोसते, ते तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ साचणारी जलपर्णी आणि पाण्यावर तरंगणारे मेलेले मासे सांगतात. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, नीरी या संस्थेने अभ्यास केला, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले, तरी प्रश्न मिटलेला नाही. अशा ठिकाणी ओझोनचे नाव निघणे साहजिक आहे. साध्या हवेतून उच्च दाबाची वीज खेळवायची, तयार झालेला ओझोन पाण्यात सोडायचा, आणि लाल-निळे पाणी काही मिनिटांत फिके होताना पाहायचे. प्रात्यक्षिक डोळ्यांना पटते आणि ते खोटेही नसते. या लेखाचा मुद्दा एवढाच, की त्या प्रात्यक्षिकावरून निर्णय घेता येत नाही. ओझोन हे पाणी सुधारण्याच्या साखळीतले शेवटाकडचे काम आहे. त्याच्या आधीची कामे नीट झाली असतील तर ते परवडते आणि उपयोगी पडते. आधीच्या कामांची जागा त्याला द्यायला गेलो, तर वीज जाते, पैसा जातो आणि नदी जिथल्या तिथे राहते.

हे पटण्यासाठी यंत्राच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे. प्लाझ्मा म्हणजे विजेने फोडलेला वायू, ज्यात काही रेणूंमधून सुटलेले इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. आकाशातली वीज किंवा वेल्डिंगची झगझगीत कमान हा तापलेला प्लाझ्मा. तिथे इलेक्ट्रॉनही तापतात आणि वायूही हजारो अंशांपर्यंत तापतो. हवा इतकी तापली की नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जुळून नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. नॉर्वेत बर्कलँड आणि आयडे या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच क्रियेवर खताचा कारखाना चालवला होता. ओझोन मात्र अशा उष्णतेत टिकत नाही, जन्मताच मोडतो. त्याला हवा असतो नेमका उलटा प्रकार: इलेक्ट्रॉन तापलेले आणि वायू थंड. यालाच शीत किंवा अनौष्णिक प्लाझ्मा म्हणतात. इलेक्ट्रॉन इतका हलका असतो, की रेणूला धडकून तो त्याचा बंध तोडू शकतो, पण सगळ्या वायूला तापवण्याइतकी ऊर्जा त्याला लगेच देऊ शकत नाही. वीज अगदी थोडा वेळ वाहू दिली आणि लगेच तोडली, तर इलेक्ट्रॉन आपले काम करून जातात आणि वायू थंडच राहतो.

वीज वेळेत तोडण्याची युक्ती १८५७ साली बर्लिनमध्ये वेर्नर फॉन सीमेन्सने काढली. विजेच्या दोन टोकांमध्ये त्याने काचेची भिंत ठेवली आणि उरलेल्या अरुंद फटीतून हवा वाहवली. आजच्या यंत्रांतही फट साधारण अर्ध्या ते तीन मिलिमीटरची असते, वीज काही हजार व्होल्टची, आणि मध्ये काच किंवा सिरॅमिक. हवा फुटली की फटीत केसासारखा बारीक विजेचा तंतू उमटतो. त्याचा भार काचेवर साचतो, त्या जागेचा दाब उतरतो आणि तंतू काही नॅनोसेकंदांत आपोआप विझतो. नळीच्या पृष्ठभागावर असे असंख्य तंतू दर क्षणी उगवत आणि मावळत असतात. वरून दिसते ती फक्त जांभळट, स्थिर प्रभा. प्रत्येक तंतूत ऑक्सिजनचे काही रेणू फुटून सुटे अणू होतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो, जवळचा तिसरा रेणू त्या जोडणीत उरलेली ऊर्जा उचलून नेतो आणि तीन अणूंचा ओझोन तयार होतो. विजेच्या यंत्राजवळ येणाऱ्या विशिष्ट वासाची नोंद फान मारुमने १७८५ मध्येच केली होती. त्या वासाचा पदार्थ वेगळा आहे हे शोनबाइनने १८३९-४० मध्ये बासेलला ओळखले आणि ग्रीक भाषेतल्या वास या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव दिले. विज्ञान जुने आहे, यंत्रही जुने आहे. १९०६ सालापासून फ्रान्समधल्या नीस शहराने पिण्याचे पाणी ओझोनने निर्जंतुक केले. तेव्हा ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून ओझोन विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की शंभर वर्षांत जगाने ते सगळीकडे का नेले नाही. त्याचे उत्तर विजेच्या बिलात आणि हवेच्या दमटपणात आहे.

आधी बिल. एक किलो ओझोन घडवायला निसर्गाच्या हिशेबाने किमान ०.८२ युनिट वीज पुरायला हवी. प्रत्यक्षात शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे चांगले यंत्र सहा ते दहा युनिट घेते, आणि हवेवर चालणारे यंत्र हवा सुकवण्याचा खर्च धरून पंधरा-वीस युनिटांपर्यंत जाते. म्हणजे दिलेल्या विजेपैकी बहुतेक भाग नळीची उष्णता होऊन बाहेर पडतो. ती उष्णता काढून टाकण्यासाठी थंड पाणी फिरवावे लागते, कारण नळी तापली की तयार झालेला ओझोन तिथेच मोडतो. युरोपातल्या थंड पाण्यावर दाखवलेले उत्पादन कोल्हापूर जिल्ह्यातल्या एप्रिल-मेमध्ये मिळत नाही. चिलर जोडावा लागतो, आणि त्याची वीज कोटेशनमध्ये बहुधा धरलेली नसते. ओझोन साठवताही येत नाही. पाण्यात त्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते, म्हणून जिथे लागेल तिथे आणि तेव्हाच तो बनवावा लागतो.

आता हवा. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. हा नायट्रोजन नुसता भार नाही. उद्दीपित झालेले नायट्रोजनचे रेणूही ऑक्सिजन फोडतात. १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बाडेन येथे एलियासन आणि कोगेलशाट्झ यांनी केलेल्या गणितांतून या वाटेचे महत्त्व नीट कळले. पण नायट्रोजन हात देतो तसा अडथळाही करतो. त्याची ऑक्साइडे ओझोन खातात, आणि यंत्रावर जास्त वीज लादली किंवा हवा हळू वाहिली तर ती इतकी वाढतात, की ओझोनचे उत्पादन चक्क शून्यावर येते. अशा वेळी जांभळी प्रभा दिसत राहते आणि नळीतून ओझोन मात्र बाहेर येत नाही. हवेवर चालणाऱ्या यंत्रातून वजनाने एक ते तीन टक्के ओझोन मिळतो. ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रातून दहा टक्के आणि त्याहूनही अधिक मिळतो. हा फरक पुढे पाण्यात विरघळवताना फार महाग पडतो.

हातकणंगल्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या एक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ओझोनच्या यंत्राला जी हवा लागते, तिचा दवबिंदू उणे ६० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली हवा. म्हणजे एका घनमीटरमध्ये जेमतेम शतांश ग्रॅम पाणी. हवा सुमारे दोन हजार पट कोरडी करायची आहे. हे केले नाही तर दोन गोष्टी होतात. काचेवर दमटपणाचा पापुद्रा धरतो, भार सरकू लागतो, तंतू दुबळे पडतात आणि उत्पादन झपाट्याने उतरते. दुसरे म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांना पाणी मिळून नायट्रिक आम्ल तयार होते आणि ते नळ्या, सांधे, व्हॉल्व्ह खात बसते. डिसेंबरमध्ये घेतलेली चाचणी जुलैत खोटी ठरते ती यामुळे. म्हणूनच कॉम्प्रेसर, गारवा देणारा ड्रायर आणि त्यानंतर शोषक दाण्यांचे दोन आलटून-पालटून चालणारे टॉवर ही मांडणी जोडखरेदी समजू नये. ओझोनच्या यंत्राचा तो अर्धा भाग आहे. बाजारात हवेवर थेट चालणारी, ड्रायर नसलेली स्वस्त यंत्रे मिळतात. वीज लागते, वास येतो, प्रभा दिसते. पावसाळ्यात त्यांतून ओझोन किती निघतो हे मात्र कोणी मोजत नाही.

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. हवा फुकट आहे, ऑक्सिजन विकत घ्यावा लागतो, मग लहान उद्योजकाने हवेचाच मार्ग का धरू नये? हिशेब करू. समजा, रोज एक कोटी लिटर पाण्यावर लिटरला १०० मिलिग्रॅम ओझोन द्यायचा आहे. म्हणजे दिवसाला १,००० किलो ओझोन. हवेतून दोन टक्के ओझोन मिळतो असे धरले तर दिवसाला ५०,००० किलो, म्हणजे साधारण ४२,००० घनमीटर हवा कोरडी करावी लागेल. पावसाळ्यात त्या हवेतून रोज आठशेहून अधिक लिटर पाणी वेगळे काढायचे. ऑक्सिजनमधून दहा टक्के मिळतो असे धरले तर १०,००० किलो ऑक्सिजन पुरतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी पीएसए संयंत्रे २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत बसली, तेव्हा ही गोष्ट आता परकी राहिलेली नाही. ऑक्सिजन वेगळा करण्याची वीज धरूनही एकूण वीज बहुधा हवेच्या मार्गापेक्षा कमीच भरते, आणि जो ओझोन मिळतो तो दाट असल्यामुळे पाण्यात चांगला विरघळतो. वायूत जेवढा दाट, तेवढाच पाण्यात उतरतो, हा नियम चुकवता येत नाही. प्रोसेस हाऊसचे पाणी मुळात गरम असते आणि गरम पाण्यात ओझोन आणखी कमी विरघळतो. म्हणून पातळ ओझोनची बरीच मात्रा बुडबुड्यांतून वर येऊन वाया जाते. माझे मत असे, की दिवसाला काही किलो ओझोनच्या लहान कामाला नीट कोरडी केलेली हवा चालेल. सामायिक केंद्राच्या मापाच्या कामाला ऑक्सिजनच घ्यावा. ‘हवा फुकट’ हा युक्तिवाद मोठ्या कामात टिकत नाही.

यंत्राचा प्रश्न असा सुटला, तरी पाण्याचा उरतोच. सुती कापडावर बहुतेक रिॲक्टिव्ह रंग वापरतात. त्यातला दहा ते चाळीस टक्के रंग धाग्याला न चिकटता पाण्यात जातो. यांपैकी पुष्कळ रंग ॲझो जातीचे असतात. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध त्यांना रंग देतो, आणि ओझोन नेमका असल्या बंधांवर तुटून पडतो. म्हणून रंग पटकन जातो. रेणू मात्र नाहीसा होत नाही. त्याचे तुकडे होतात: लहान आम्ले, आल्डिहाइडे, कधी मूळ रंगापेक्षा चिंता करावी असे पदार्थ. पाण्यातला एकूण सेंद्रिय भार सीओडीने मोजतात, आणि रंग जवळजवळ पूर्ण गेल्यावरही सीओडी पुष्कळदा पाव-तृतीयांशाहून अधिक उतरत नाही. पाणी आल्कलीयुक्त असेल तर ओझोन मोडून हायड्रॉक्सिल मूलके देतो. ती ओझोनहून आक्रमक असतात, पण रंगाईच्या पाण्यात सोड्यामुळे कार्बोनेट भरपूर असतात आणि तीच या मूलकांना आधी गिळतात. व्हॅट रंगांच्या पाण्यात हायड्रोज हे क्षपण करणारे रसायन उरलेले असेल, तर ओझोनची पहिली मात्रा रंगापर्यंत पोचण्याआधीच त्यात संपते. आणि मीठ? रिॲक्टिव्ह रंगाईच्या हौदात लिटरला पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत मीठ पडते. त्याला ओझोन स्पर्शही करत नाही.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी लावलेली मानके या पार्श्वभूमीवर वाचावीत: रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक, सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे जिवाणूंना खाता येणारा सेंद्रिय भार, ३०, आणि नदीत सोडायच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, २१००. यातल्या पहिल्या अटीवर ओझोन उत्तम काम करतो. दुसऱ्या अटीवर थोडे, तिसऱ्यावर विचित्र, कारण मोठ्या रेणूंचे लहान तुकडे झाल्यावर जिवाणूंना ते खाणे सोपे जाते आणि बीओडी काही वेळा वाढलेला दिसतो. चौथ्या अटीवर ओझोनचे काहीच चालत नाही. डोळ्यांना दिसणारी गोष्ट एकच आहे आणि ती पहिलीच आहे. धोका इथे आहे. ओढ्याचे पाणी रंगहीन झाले म्हणजे तक्रारी थांबतील, पण खालच्या गावांतल्या मळ्यांत जाणारे मीठ तेवढेच राहील. शिरोळ-हातकणंगल्याची काळी जमीन आधीच पाण्याच्या अतिवापराने खारवत चालली आहे. तिला रंगहीन खारट पाणी रंगीत खारट पाण्याइतकेच मारते.

म्हणूनच ओझोनची जागा ठरवणे हा सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. प्रोसेस हाऊसच्या पाण्यातला सेंद्रिय भार मोठ्या प्रमाणात सायझिंगच्या कांजीचा, म्हणजे स्टार्चचा असतो. स्टार्च हे जिवाणूंचे आवडते अन्न आहे. हवा मारलेल्या टाकीत एक किलो बीओडी जिवाणूंकडून खाऊन घ्यायला साधारण एक-दीड युनिट वीज लागते. तोच भार ओझोनने जाळायचा म्हटला तर एका किलोला दोन-तीन किलो ओझोन, म्हणजे हवेच्या मार्गाने चाळीस ते साठ युनिट. जे काम जिवाणू इतक्या स्वस्तात करतात, ते विजेच्या तंतूकडून करून घेण्यात शहाणपण नाही. उलट, जिवाणूंना रिॲक्टिव्ह रंग पचत नाहीत. तिथे ओझोन हुकमी आहे. तेव्हा क्रम असा लागतो, की आधी पाणी एकसारखे आणि थंड करा, आम्ल-आल्कली जुळवा, जिवाणूंकडून स्टार्च खाऊन घ्या, गाळ बसू द्या, आणि उरलेल्या रंगावर ओझोन चालवा. कच्च्या पाण्याला लिटरला तीनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ओझोन लागू शकतो. जैविक प्रक्रिया नीट झालेल्या पाण्याला तीस ते शंभरमध्ये भागू शकते. किलोला वीस युनिट आणि युनिटला आठ रुपये धरले, तर तीनशे मिलिग्रॅमला हजार लिटरमागे ४८ रुपये नुसत्या विजेचे होतात, पन्नास मिलिग्रॅमला आठ रुपये. हा फरक यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या कौशल्याने पडत नाही. आधीच्या टाकीतल्या जिवाणूंची निगा राखणाऱ्या ऑपरेटरमुळे पडतो.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही येतात. इतक्या भानगडी कशाला, चुना आणि फेरस सल्फेट टाकून रंग बसवता येतो, हायपोक्लोराइट टाकून उडवता येतो, आणि दोन्ही स्वस्त आहेत. चुन्याबद्दल उत्तर गाळात आहे. पाण्यातून काढलेला रंग गाळात जातो, तो गाळ घातक कचरा म्हणून हाताळावा लागतो, आणि तो रीतसर विल्हेवाटीला पाठवण्याचा खर्च टाळला तर त्याचे ढीग पावसात पुन्हा ओढ्यातच वाहतात. शिवाय रिॲक्टिव्ह रंग पाण्यात फार विरघळणारे, त्यामुळे ते पुरेसे बसतही नाहीत. हायपोक्लोराइटने रंग उडतो, पण सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीन जुळून जे क्लोरीनयुक्त पदार्थ तयार होतात, ते नदीत सहज मोडत नाहीत. या दोहोंपेक्षा ओझोन निश्चित स्वच्छ आहे. त्याचा उरलेला भाग ऑक्सिजन होऊन जातो. मी ओझोनच्या बाजूने आहे तो याच कारणासाठी.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मीठ काढल्याशिवाय नदी सुटणार नसेल, तर सरळ आरओ आणि बाष्पीभवनाने शून्य विसर्गाकडे का जाऊ नये? तिरुपूरला २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि तिथल्या उद्योगाला हाच रस्ता धरावा लागला. इचलकरंजीलाही मिठाचा प्रश्न आज ना उद्या याच रीतीने सोडवावा लागेल, असे मला वाटते. पण त्यामुळे ओझोन निरर्थक ठरत नाही. रंग आणि सेंद्रिय पदार्थ घेऊन आलेले पाणी आरओच्या पडद्यांवर थर चढवते, पडदे लवकर बाद होतात, आणि बाहेर पडणारे दाट मीठपाणी रंगीत राहिल्याने पुन्हा वापरता येत नाही. आधी ओझोनने रंग काढलेला असेल तर या दोन्ही अडचणी हलक्या होतात. फक्त एक काळजी घ्यावी लागते: पाण्यात उरलेला ओझोन पॉलिअमाइडचे पडदे खातो, म्हणून आरओआधी तो पूर्ण संपलेला असला पाहिजे.

चौथा आक्षेप असा, की पंचगंगा काही एकट्या रंगाईने बिघडलेली नाही. कोल्हापूर शहराचा जयंती नाला, नदीकाठच्या गावांचे मैलापाणी, साखर कारखान्यांचे पाणी हे सगळे तिच्यात येते. हे खरेच आहे, आणि मैलापाण्यावर ओझोन हा पहिला उपाय नाही, तिथे साधी गटारे आणि जैविक प्रक्रिया केंद्रे हवीत. पण दुसऱ्याची घाण मोठी म्हणून आपली सोडून द्यायची, हा युक्तिवाद काळ्या ओढ्याच्या काठी उभे राहून करता येणार नाही.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याच्याशी ओझोन सारखा जोडला जातो, म्हणून त्याबद्दल थोडे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. हिपॅटायटिस ई हा विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. विषाणूंवर ओझोनची ताकद वादातीत आहे. वीस अंश तापमानाला विषाणू दहा हजारांत एकावर आणायला लिटरला एका मिलिग्रॅमची ओझोनची मात्रा अर्धा मिनिट पुरते असे अमेरिकी मानके धरतात, क्लोरीनला तेवढ्याच मात्रेत तीन मिनिटे लागतात. जिआर्डियासारख्या परजीवींच्या बाबतीत हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. पण शुद्धीकरण केंद्रात मेलेला विषाणू हा प्रश्न नसतो. जुन्या, गळक्या, गटाराशेजारून जाणाऱ्या वाहिन्यांत पाणी शिरते तेव्हा नव्याने येणाऱ्या विषाणूला तोंड द्यायला ओझोन शिल्लकच नसतो. तिथे नळाच्या तोंडाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीनच कामी येतो. वाहिन्या न बदलता केंद्रावर ओझोन बसवणे म्हणजे घराचे दार उघडे ठेवून तिजोरीला नवे कुलूप लावणे. गावोगावी वीस लिटरचे जार भरणाऱ्या प्लँटमध्ये ओझोनचा वापर सर्रास होतो. तिथे बंद जारमुळे तो योग्यही आहे. मात्र खारवट बोअरच्या पाण्यात ब्रोमाइड असेल, तर ओझोन त्याचे ब्रोमेट करतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. जार भरणाऱ्याने मात्रा हात राखून वापरावी आणि पाण्यातले ब्रोमाइड एकदा तरी तपासून घ्यावे.

शेवटी माणसांच्या फुप्फुसांबद्दल. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी हवेतल्या ओझोनची सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा ०.१ पीपीएम आहे, आणि आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. यंत्रातून बाहेर पडणारा वायू यापेक्षा लाखपट दाट असतो. संपर्क टाकीवर झाकण, वर येणारा उरलेला ओझोन मोडणारी उत्प्रेरकाची किंवा तापवणारी पेटी, खोलीत गळती सांगणारा सेन्सर आणि आपोआप वीज तोडणारी जोडणी हे सारे नसेल, तर ते यंत्र कामगाराच्या जिवावर चालते. वासावर विसंबून चालत नाही. ओझोनचा वास अगदी थोड्या मात्रेतही येतो, पण काही मिनिटांत नाक त्याला सरावते आणि धोका वाढत असताना वास गेल्यासारखा वाटतो. घरातली हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली विकली जाणारी ओझोनची यंत्रेही घेऊ नयेत. जंतू मारण्याइतका ओझोन खोलीत असेल तर तो माणसालाही इजा करतो, आणि माणसाला सोसेल इतका असेल तर जंतू मरत नाहीत.

या प्रश्नाचा निवाडा पुढच्या निविदांमध्ये होणार आहे. सामायिक केंद्रासाठी किंवा एखाद्या प्रोसेस हाऊससाठी ओझोनची खरेदी ठरेल, तेव्हा संचालकांनी पुरवठादाराकडून जुलै महिन्यातली चाचणी मागावी, डिसेंबरमधली नको. ओझोन किती बनला यापेक्षा किती पाण्यात उतरला हे मोजून मागावे. किलोमागे युनिट मोजताना कॉम्प्रेसर, ड्रायर आणि चिलर यांचे मीटर एकत्र धरावेत. आणि काळ्या ओढ्याच्या तोंडाशी रोजचा रंग, सीओडी आणि टीडीएस या तिन्ही आकड्यांचा फळा लावावा, म्हणजे शिरोळच्या शेतकऱ्यालाही तो वाचता येईल. यांतला एकच आकडा सुधारलेला दिसला, तर काम अर्धेच झाले आहे असे समजून बाकीच्या दोन आकड्यांचा जाब त्याने विचारावा.